जॅकरांडाखाली काय लावायचं

नको, ते लाल नको — म्हणजे झाड छान आहे तुमचं, नावं ठेवत नाहीये मी, पण ते लांबूनच ओरडतं. वर जॅकरांडा फुलला की सगळं निळं-जांभळं होतं, आणि त्याच्या पायाशी हे असं लालभडक म्हणजे दोघी जणी एकाच वेळी बोलायला लागल्यासारखं होईल. मला खाली गप्प बसणारं काहीतरी हवंय. सावलीत जगणारं, पसरणारं, फार नखरे नसलेलं — आणि आज दुपारी लावलं तरी असं दिसायला हवं की वर्षभर तिथंच होतं. हसू नका ताई. मला कळतं की असं झाड नसतं. पण तुमच्या नर्सरीत एवढी झाडं आहेत, त्यात एखादं खोटं बोलणारं नसेल का, असा विचार करून आले. आमच्या घरातलं खोटं बोलायचं सगळं काम माझ्या एकटीवर पडलंय, जरा मदत झाली असती. नाही, काही नाही. तुम्ही दाखवा.

मुलगी येतेय आज. हो, एकुलती एक. अडीच वर्षांनी येतेय — नाही हो, परदेशात कुठली, बसनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. सकाळी निघून दुपारी पोचता येतं, वाटेत बस बदलावीसुद्धा लागत नाही. तरी अडीच वर्षं. आणि ती तुमच्याच क्षेत्रातली, म्हणून तर माझं धाबं दणाणलंय. लोकांच्या बागा आखून देते, कुठं काय लावायचं, पाणी कुठून जाऊ द्यायचं, सगळं. फाटकातून आत शिरली की ती आधी माणसांकडे बघत नाही, मातीकडे बघते. लहानपणापासून तसंच. आणि तो जॅकरांडा तिचाच — शाळेत असताना कुठूनशी कुंडीत एक काडी घेऊन आली होती, आम्हाला वाटलं आठवड्यात वाळेल. आता गच्चीच्या वर गेलाय. तिच्या बाबांनी तेव्हा तिला भिंगाखाली त्याची पानं दाखवली होती — चष्म्याचं दुकान आहे ना आमचं, घरात भिंगांना तोटा नाही. दोघं त्या एवढ्याशा रोपाभोवती उकिडवे बसलेले असायचे आणि मी हाका मारून दमायची. बाबा भिंगरी म्हणायचे तिला. एका जागी ठरत नाही म्हणून. आता कुणी म्हणत नाही. मी म्हणून बघितलं एकदा फोनवर, तर म्हणाली, आई, तू नको म्हणूस.

काय झालं म्हणजे — काही झालं नाही, तीच तर पंचाईत आहे. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. ह्यांच्या मनात होतं तिनं दुकानात बसावं. डोळे तपासायचं शिक्षण दिलं, नवीन मशीन आणलं, तिच्या उंचीची खुर्चीसुद्धा बनवून घेतली. वर्षभर बसली बिचारी. मग एक दिवस जेवताना म्हणाली, मला बागकाम करायचंय, नोकरी मिळालीय, दुसऱ्या शहरात. हे म्हणाले — अगदी शांतपणे हं, आवाज चढवणं त्यांच्या रक्तातच नाही — म्हणाले, लोकांच्या दारातली माती उपसायला शिकवलं का तुला? ती म्हणाली, बरं. बस, एवढंच. ताटातलं संपवलं, हात धुतले, बॅग भरली. मी मधे उभी. इकडून तिकडे बघतेय, म्हटलं आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी रडेल, निदान एखादं दार तरी आपटेल. कुणी काही नाही. दोघांचा स्वभाव एक, दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार. मला सांगा, अशा माणसांमध्ये राहणाऱ्यानं काय करायचं? आपण आपलं बडबडत राहायचं.

आणि मी तेच केलं. नोकरीच ती होती माझी — हॉस्पिटलात फोनच्या बोर्डावर बसायची, इकडचा तिकडे जोडून द्यायचा, लाईन तुटली की परत जोडायची. घरीही तेच सुरू केलं. तिचा फोन आला की सांगायचं, बाबा विचारत होते गं, खोकला बरा झाला का. जेवताना ह्यांना सांगायचं, ती म्हणत होती, बाबांना म्हणावं थंडीत दुकान लवकर बंद करा. छान चाललं होतं. दोघांना एकमेकांची काळजी आहे हे मी दोघांनाही सांगत होते, आणि त्यात खोटं म्हणाल तर — शब्द माझे होते, एवढंच. काळजी होतीच. होती ना? मी तरी तसंच धरून चाललेय. नाहीतर ह्यांनी घास तसाच हातात धरून, आणखी काय म्हणाली, असं कशाला विचारलं असतं?

हे नेचे बाजूला काढून ठेवा, नेचे मला आवडलेत. हां, तर मग गेल्या महिन्यात मी जरा जास्तच शहाणपणा केला. म्हटलं, असं किती दिवस चालायचं, मी उद्या आजारी पडले तर ही दोघं एकमेकांना आयुष्यात दिसायची नाहीत. तेव्हा तिला फोनवर म्हटलं, बाबा विचारत होते, जॅकरांडाखाली काय लावायचं ते तू येऊन सांगशील का. आणि त्याच संध्याकाळी ह्यांना म्हटलं, तिचा फोन होता, म्हणत होती जॅकरांडाखाली स्वतःच्या हातानं काहीतरी लावायचंय, बाबांना चालेल का विचार. ह्यांनी काहीच विचारलेलं नव्हतं. तिनंही काही म्हटलेलं नव्हतं. चकार शब्द नाही. आणि बघा, दोघंही गळाला लागले. ती म्हणाली, सुट्टी मिळते का बघते. हे म्हणाले, मला काय विचारायचंय त्यात, झाड तिचंच आहे. आणि चष्मा पुसत बसले. काच स्वच्छ होती हो, मला दिसत होती ना.

तर आता माझी अवस्था समजली तुम्हाला? ती येणार, पाणी पिणार आणि म्हणणार, बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना. हे म्हणणार, मी? मी कुठं, तूच तर म्हणाली होतीस. आणि दोघं माझ्याकडे बघणार. मग तिला कळणार की बाबांनी तिला बोलावलंच नव्हतं, खोकलासुद्धा विचारला नव्हता, अडीच वर्षं आईच दोन्ही बाजूंनी बोलत होती. ती ओरडणार नाही. तेवढं कुठलं माझं नशीब? म्हणेल, बरं. आणि संध्याकाळच्या बसनं परत. मग परत यायची नाही ती, मी ओळखून आहे तिला. म्हणून म्हटलं आधीच झाडं आणून ठेवावीत. समोर झाडं असली, हात मातीत गेले, की कुणी कुणाला काय विचारलं होतं याची उलटतपासणी कोण करत बसतंय. म्हणून ती बरी दिसायला हवीत, आणि योग्य हवीत, नाहीतर ती म्हणेल कुणी निवडली ही — आणि मग पुन्हा माझ्यावरच येईल.

थांबा हं, ह्यांचाच फोन. — हं, बोला. — कुठला शर्ट म्हणजे? अहो, मुलगी येतेय, साहेब नाही येत तपासणीला. निळा घाला. — मग इस्त्री करा. — नाही, दुकानात जायचं नाही आज. — गिऱ्हाईक येईल आणि उद्या परत येईल, डोळे कुठं पळून जात नाहीत. — नर्सरीत आहे. — हो हो, तिनं सांगितलेलीच घेतेय. — आवरा तुम्ही. — बघा, सकाळपासून हे असं चाललंय. मधेच म्हणतात, मी दुकानात जाऊन बसतो, तुम्ही मायलेकी काय ते करा. पळ काढायला बघताहेत. साठी उलटलेला माणूस, आणि स्वतःच्या मुलीला भ्यालाय. ती बसमधून मला मेसेज करतेय — बाबा घरी असणार आहेत का? असणार आहेत का, म्हणे. म्हणजे असावेत असं वाटतंय की नसावेत, ते काही कळू द्यायची नाही.

हे काय आहे, हे काळपट हिरवं, गवतासारखं? हे सुंदर आहे. हात लावू? — हे घेऊ या. कसं आहे ना, जॅकरांडाची खरी शोभा वर असते तेवढीच खाली असते. फुलं पडतात, चार-सहा दिवस तो सडा तसाच राहतो. तर खाली असं गडद, बुटकं काहीतरी असलं की पडलेलं एकेक फूल वर तरंगल्यासारखं दिसेल. पांढऱ्या पट्ट्यांचं ते घेतलं तर फुलं त्यात हरवतील. बरोबर ना? पाहा, मलाही थोडं थोडं कळतं. ऐकून ऐकून. ती बोलायला लागली की झाडांवर तासभर बोलते, माणसांबद्दल विचारलं की म्हणते, ठीक आहे. हे घ्या मग, हे बरंच घ्या, आणि त्यात अधूनमधून नेचे. आणि कडेला ते रंगीत पानांचं कोलिअस — नको? ऊन येतं थोडं कडेला, सकाळचं. मग चालेल म्हणता. चालेल तर घ्या.

आधी काय होतं तिथं? आधी — आधी तसं बरंच काही होतं, टिकलं काहीच नाही. ह्यांनी लावलेलं. हो, ह्यांनीच. ज्यांना आयुष्यात कधी कुंडीला पाणी घालणं माहीत नव्हतं त्यांनी. ती गेली आणि थोड्या दिवसांनी बघते तर हे एका रविवारी दुकानातला एप्रन घालून जॅकरांडाखाली. ती जायच्या आधी म्हणायची ना, इथं खाली काहीतरी लावायला हवं, उघडंबोडकं दिसतं. ते ऐकलं होतं वाटतं त्यांनी. पेपरातून डोकं वर न काढता सगळं ऐकतात. तर गुलाब लावले. हो, सावलीत गुलाब — तुम्ही कपाळाला हात लावा, पण त्यांना कोण सांगणार? गुलाब गेले. मग शेवंती लावली, ती गेली. मग जरबेरा. रोज सकाळी भिंग घेऊन पानांची तपासणी, जसं काही त्यांचा नंबर वाढलाय. काही मेलं की म्हणायचे, माती कमी पडतेय, झाड सगळं शोषून घेतंय. मग पुढच्या रविवारी नदीकडून गाळाची माती आणायचे, टोपली-टोपलीनं आत वाहायचे आणि घालायचे. नवीन काहीतरी लावायचे. तेही मेलं की आणखी माती. माती वाहून जाऊ नये म्हणून भोवती विटांचं कडं केलं, कडं बुटकं पडलं की वर आणखी एक थर. माझी चेष्टा चालायची, म्हटलं अहो, झाड लावताय की किल्ला बांधताय. ऐकायचे नाहीत. लोकांच्या दारातली माती उपसायला शिकवलं का म्हणाले होते ना — आणि स्वतः दर रविवारी घामाघूम होऊन माती वाहतात. मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलायची फार इच्छा झाली, पण नाही बोलले.

एकदा खिडकीतून बघितलं मी. टोपली रिकामी केली होती आणि तिथंच उभे होते, खोडाला हात लावून. बराच वेळ. मी पडदा सोडून दिला. रडू आलं मला — आणि राग आला, खरं सांगते, दोन्ही एकदम आलं. म्हटलं, अरे माणसा, फोन घरात आहे, आणि ही टोपली कसली उचलतोस. पण नाही. त्यांचं सगळं त्या मातीत चाललं होतं आणि मी आत बसून त्यांच्या नावानं खोकल्याची चौकशी करत होते. जाऊ दे. तुम्हाला कशाला हे सगळं. किती झाले हे, गवतासारखे? आणखी थोडे घ्या.

काय? खोडाचं काय? — जमिनीत शिरताना म्हणजे? — पसरतं का, पावलासारखं? नाही. नाही पसरत, सरळ जातं. खांब रोवलाय असं वाटतं. का हो? — पूर्वी पसरायचं. हो, पूर्वी चांगलं पसरायचं, दोन मुळांच्या मधे बेचकं होतं, ती अभ्यासाला तिथं पाठ टेकून बसायची. आता ते — आता मातीखाली गेलं असेल. — कुठपर्यंत म्हणजे, माती माझ्या गुडघ्याच्या वर असेल, विटांचं कडं तेवढं आहे. अगदी खोडाला लागून, हो. थापून बसवतात ते, फट राहू नये म्हणून. — शेंडा? शेंडा विरळ झालाय. तुम्हाला कसं कळलं? यंदा फुलंही एकाच बाजूला आली, पानं बारीक आली. आम्हाला वाटलं हवा बदललीय, सगळीकडेच उन्हाळा विचित्र होता. — काय तोंड करताय असं? बोला ना ताई. बोला, मी काही काचेची नाही.

साल कुजते? मातीनं? — आणि मुळांना हवा लागते. मुळांना हवा. मला वाटत होतं मुळांना पाणी लागतं. — म्हणजे ते झाड गुदमरतंय. आमच्या दारात, एवढ्या दिवसांपासून, आम्ही रोज बघतोय आणि ते — थांबा, मला जरा बसू द्या. या पोत्यावर बसले तर चालेल ना? खत आहे, असू दे. — नको, पाणी नको. मला एवढं सांगा, गेलंय का ते? — नक्की? — अजून फांद्या ओल्या असतील तर वेळ आहे म्हणता. माती काढली तर वाचेल. बरं. वाचेल म्हणालात. म्हणजे मीच ह्यांना आता फोन करते, म्हणते फावडं घ्या आणि —

काय म्हणू? अहो, दर रविवारी तुम्ही जे केलंत ना, त्यानंच मरतंय ते, असं म्हणू? दुसरं काहीच नव्हतं हो त्यांच्याकडे. मुलीला दोन शब्द बोलता आले नाहीत म्हणून टोपल्या वाहिल्या त्या माणसानं. पाठ धरली तरी वाहिल्या. आणि त्या टोपल्यांनीच तिचं झाड — नाही, माझ्यानं नाही सांगवणार ते. मी कितीही तोंडाळ असले तरी हे नाही. नाहीच सांगितलं तर? ही झाडं वरून लावून टाकली, हिरवंगार दिसलं — नाही, उपयोग नाही, तिला फसवता यायचं नाही. ती फाटकातून शिरेल आणि पहिल्यांदा तिकडेच बघेल. तुमच्यासारखं तिला विचारावंही लागणार नाही, खोड बघितलं की कळेल. बॅग तिथंच टाकेल. आणि झाडाच्या बाबतीत ती गप्प बसत नाही हं. माणसांच्या बाबतीत बसेल, झाडाच्या नाही. शेजाऱ्यांनी एकदा त्या जॅकरांडाला कपडे वाळत घालायची तार आवळून बांधली होती, तर ही शाळकरी पोर त्यांच्या दारात उभी राहून अशी काही भांडली की शेजारच्या काकूंनी स्वतः येऊन तार सोडली. तशी भांडेल. ह्यांना सोडणार नाही ती. म्हणेल, बाबा, हे काय करून ठेवलंत. हे म्हणतील, काय केलं, माती घातली. ती म्हणेल, कुणी सांगितलं होतं घालायला. हे म्हणतील, तुझं झाड म्हणून —

म्हणतील. म्हणावंच लागेल त्यांना. नाहीतर नाकासमोर चालणारा दुकानदार माणूस अडीच वर्षं नदीवरून माती का वाहत होता, याला दुसरं उत्तरच नाहीये. ती विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि ह्यांना शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसून सुटका करून घेता येणार नाही. आणि मी — ताई, मी तिथं नसले तरी चालेल. मी आत चहा टाकेन. जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ टाकेन.

नाही, बरी आहे मी. डोळ्यांत काहीतरी गेलं, तुमच्या इथं धूळ फार. एक सांगा, ती माती कशी काढायची? — फावडं नाही. कुदळ तर नाहीच. — हातानं. खोडाजवळ आलं की बोटांनी, हळूहळू. वर नवीन मुळं फुटली असतील ती बघून बघून. म्हणजे नजर चांगली हवी, भिंगसुद्धा लागेल एखाद्या वेळी. — एका दिवसात नाही होणार? — दोन-तीन दिवस. जास्तही? आणि एकटा माणूस करू शकत नाही — करू शकतो, पण दोघं बरे, दोन बाजूंनी. बरं. बरं. एकानं काढायची आणि एकानं बाजूला न्यायची. म्हणजे आजच्या बसनं जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही. झाड अर्धं उघडं टाकून ती जाणार नाही, तो तिचा स्वभाव नाही. कपडे आणलेत का तिनं? नसतील आणले. जुने आहेत कपाटात, मी काही टाकलेलं नाही.

आला परत फोन. — हं. — काय? — अहो, आत्ता? — कुणी सांगितलं तुम्हाला आत्ता माती आणायला? — तिला बरं दिसावं म्हणून. हं. — शेवटची टोपली. — ती पोचेपर्यंत — हो. — नाही, काही नाही, आवाज असाच आहे माझा. — टाका. टाका तुम्ही. सगळीकडून सारखी करून टाका. — आणि शर्ट मळला तर मळू दे, बदलू नका. मी येतेच. — असं बघू नका माझ्याकडे ताई. मी ऐकलंय तुम्ही सांगितलेलं, एकूण एक शब्द ऐकलाय. एवढं सोसलं त्या झाडानं, एका टोपलीनं जास्तीचं काय व्हायचंय? तो माणूस आता टोपली घेऊन तिथं उभा राहू दे. ती येईल तेव्हा त्याच्या हाताला माती असू दे. मला बाकी काही नको.

ही झाडं? ही नकोत आता, परत ठेवा. सॉरी हं, तुम्ही एवढी निवडून दिलीत. नेचे पण नकोत. लावायची असतील तेव्हा ती दोघं येतील आणि निवडतील, आणि तुम्हाला भंडावून सोडतील, तेव्हा मला नावं ठेवू नका. — नाही, माणूस पाठवू नका. अजिबात नको. मला माहितीय तुमचा माणूस एका दिवसात करून देईल, सफाईनं करेल, तेच नकोय मला. आणि हे बघा, आमच्या ह्यांचा फोन येईल तुम्हाला — येईलच, संध्याकाळपर्यंत पाठ धरली की त्यांना आधी तेच सुचेल — म्हणतील, माती उपसायला कुणी मिळेल का. तर तुमच्याकडे कुणी नाहीये. या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही. एवढं एक बोला माझ्यासाठी. चला, बाजूला व्हा जरा, मला निघू द्या.